तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याच्या दोन रेघा

प्रदर्शनात माझ्या गोव्यातल्या खाजणाच्या (म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या नदीकाठच्या शेतजमिनीच्या) चित्रांसमोर कोणीतरी हमखास विचारतंच, 'पाण्याच्या दोन रेघा का? यातली खरी कुठली?' तुम्हीपण तेच विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

दोन्ही खऱ्या. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालात २१०० सालच्या समुद्रपातळीचा एकच एक आकडा नाहीच आहे, उत्सर्जन झपाट्यानं खाली आणलं तर वाढ साधारण २८ ते ५५ सेंटिमीटर आणि भरमसाट होऊ दिलं तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर, असं जगाच्या सरासरीचं गणित आहे. मी सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा आकडा घेते, आजची भरती म्हणजे जमीन धरून भिंतीएवढ्या कॅनव्हासवर खऱ्या मापानं रेघा मारते, एक गुडघ्याच्या खाली येते, दुसरी कंबरेला. मधला पट्टा कोराच ठेवते, कारण तो अजून ठरायचाय.

इव्ह मोशर या कलाकार बाईनं २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर समुद्रपातळीच्या १० फूट वर निळ्या खडूची रेघ ओढली होती, २०१२ च्या सँडी वादळात तिथल्या बऱ्याच भागात खरंच पाणी आलं. जबरदस्त काम आहे ते. पण एकच रेघ असली की माणूस आपलं घर आत की बाहेर एवढंच बघतो असं मला वाटतं, आणि आपल्याकडे तर पाणी घरात यायच्या खूप आधी मानशीवर कळेल.

मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि ते आपोआप मिटतं, ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून नदीत जातं. आता समुद्रच वर सरकला तर बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असण्याचा वेळ कमी होणार, म्हणजे बांध शाबूत असला तरी ऐन पावसात शेत तुंबणार. कोरगुट भात खारं पाणी सोसतं हो, पण कोवळी रोपं दिवसेंदिवस बुडलेली कशी जगतील? हे रेघेत दिसत नाही आणि मला तेच दाखवायचंय.

म्हणून पुढचं चित्र दाराचं आहे. सध्या गोव्यातल्या चोडण बेटावर एका मानशीवर बसून दार कधी मिटतं, कधी उघडतं त्या वेळा वहीत टिपतेय, मानस सांभाळणारे काका भरतीचा अंदाज नुसत्या पाण्याकडे बघून सांगतात तोही शेजारी लिहून घेते. पावसाळ्यातल्या नोंदी झाल्या की कॅनव्हास ताणायचा.