डोकं खाली आलं म्हणजे ड्रेसाज जमलं का?

घोडेस्वारी शिकायला लागून जेमतेम वर्ष होतं आणि मुलं विचारायला लागतात, "सर, याचं डोकं खाली कसं आणायचं?" मोबाइलवर पाहिलेले सगळे घोडे मान वाकवून चालत असतात. त्यामुळे ड्रेसाज, म्हणजे ठरलेल्या हालचाली घोड्याकडून सहज करून घेण्याचा घोडेस्वारीचा प्रकार, हा निव्वळ मानेचा आकार, अशी पक्की समजूत झालेली असते. मग हात मागे ओढले जातात, लगाम आखूड होतो, घोडा हनुवटी छातीला टेकवतो आणि रिंगणाबाहेर उभे असलेले आईबाबा खूश होतात. तेवढ्यात घोड्याची पाठ खाली दबलेली असते आणि मागचे पाय आखूड पडत असतात. परीक्षकाला हे पहिल्या दोन कोपऱ्यांतच दिसतं.

योग्य घोड्यात दोन कानांमधला भाग हा मानेचा सर्वांत उंच बिंदू असतो आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे राहतं. हे लगामाने घडत नाही. मागचे पाय पोटाखाली पोचतात, पाठ वर उचलली जाते, मान लांब होत हाताकडे येते आणि तेव्हा कुठे तोंड मऊ होतं. म्हणून नव्या स्वाराचा क्रम ठरलेला असतो: आधी बैठक, मग पाय, सगळ्यात शेवटी हात. बहुतेक मुलं नेमकी उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत मुलांचा ओढा वाढला त्याचं कारण उघड आहे. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये २०९.२०५ गुण मिळवून सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं हे पहिलं सुवर्ण. संघात मुंबईचा हृदय छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदीप्ती हजेला असे चौघे होते. चौघांपैकी सर्वोत्तम तिघांचे गुण धरतात, म्हणून अनुषचे ७१.०८८, हृदयचे ६९.९४१ आणि दिव्यकृतीचे ६८.१७६ मोजले गेले. पुढे अनुषने एट्रो या घोड्यावर वैयक्तिक कांस्यही मिळवलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला.

ही मंडळी युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर तयार झाली. यामागे हौसेपेक्षा मोठी अडचण होती. रोगमुक्त क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मान्यता नसल्यामुळे भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला नेणं फार अवघड होतं. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात उभारलेल्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, त्यामुळे वाट थोडी मोकळी झाली आहे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी हा विषय फार पुढचा. पहिली तीन-चार वर्षं पुण्या-मुंबईत उत्तम शिकता येतं, आणि बिघडायचं ते सगळं याच काळात बिघडतं.

सुरुवात लंजवर करावी. शिक्षक दोरीच्या टोकाला उभा राहतो, घोडा त्याच्याभोवती १५ ते २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरतो आणि मुलाच्या हातात लगाम नसतो. एका वेळी १५-२० मिनिटं पुरेत, आणि दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्यावा. त्याहून जास्त केलं तर घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो आणि दमलेलं मूल मांड्या आवळून बसायला लागतं. बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसायला हवेत. पाय पुढे आणि बूड मागे, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं दिसलं, तर मुलाला ओरडण्याआधी खोगीर पाहावं. मोठ्या माणसाच्या खोगिरात लहान मूल मागेच सरकतं.

रिकिबीची लांबी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पाय सैल सोडले की रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडापाशी यावा. ड्रेसाजमध्ये लांब रिकीब असते म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन भोकं लांब केली की मूल पायाच्या बोटांनी रिकीब शोधायला लागतं, टाच वर येते, गुडघा आवळला जातो आणि ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, खोगिरावर आपटायला होतं. लांबी हळूहळू वाढते, एकेका भोकाने, मांडी मोकळी होईल तशी. रिकीब काढून चालवणं फार उपयोगी आहे, पण पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. पाऊण तास सक्तीने रिकिबीशिवाय ट्रॉट करायला लावणारे शिक्षक मुलांना फक्त आवळून बसायला शिकवतात.

ट्रॉट दोन ठोक्यांचा असतो. एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय एकदम उचलला जातो. रायझिंग ट्रॉटमध्ये, म्हणजे उठत-बसत केलेल्या ट्रॉटमध्ये, घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाताना उठायचं आणि मागे येताना बसायचं. त्यामुळे आतला मागचा पाय जमिनीवर असताना स्वाराचं वजन खोगिरावर येतं आणि वळणावर तोच पाय पोटाखाली काम करतो. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून बाजू बदलायची. हे खांद्याकडे टक लावून न पाहता, बुडाखाली जाणवायला लागेपर्यंत कॅंटर, म्हणजे ट्रॉटपेक्षा वेगवान अशी तीन ठोक्यांची चाल, शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. कॅंटर चुकीच्या पायावर, म्हणजे आतल्याऐवजी बाहेरचा पुढचा पाय आघाडीवर ठेवून, लागण्याची तक्रार नेहमीची: मूल खाली वाकून खांदा बघतं, वजन पुढे जातं, आतला लगाम ओढला जातो आणि घोडा बाहेरच्या पायावर सुटतो. स्वाराचा आतला पाय तंगापाशी (खोगिराच्या पोटपट्ट्यापाशी), बाहेरचा पाय एक वीतभर मागे, नजर समोर आणि आतला हात मोकळा. इतकं केलं तरी घोडा चुकलाच, तर पुन्हा ट्रॉटवर येऊन कोपऱ्यातून मागायचा, सरळ बाजूवर नाही.

आता रिंगण. छोटं रिंगण २० बाय ४० मीटरचं आणि स्पर्धेचं पूर्ण रिंगण २० बाय ६० मीटरचं. छोट्या रिंगणात कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही अक्षरं असतात आणि मध्यभागी न दिसणारा एक्स. ए मधून आत यायचं, सी कडे परीक्षक. अक्षरं पाठ करण्यापेक्षा पायी फिरून लक्षात ठेवावीत आणि त्याचबरोबर अंतरंही, कारण वर्तुळ बिघडतं ते अंतर माहीत नसल्यामुळे. के आणि एफ कोपऱ्यापासून ६ मीटरवर असतात. ए पासून काढलेलं २० मीटरचं वर्तुळ मात्र लांब बाजूला कोपऱ्यापासून १० मीटरवर स्पर्श करतं, म्हणजे अक्षराच्या ४ मीटर पुढे. नव्वद टक्के मुलं सरळ अक्षरावर जातात, मग कोपरेही घेतात आणि तयार होतं बटाट्याच्या आकाराचं काहीतरी. छोट्या रिंगणात हे वर्तुळ एक्समधून जातं. मोठ्या रिंगणात मधल्या रेषेवर एल हे अक्षर ए पासून १८ मीटरवर आहे, त्यामुळे वर्तुळ त्याच्याही २ मीटर पुढून जायला हवं. सरावाच्या वेळी चार स्पर्शबिंदूंवर चार शंकू ठेवावेत आणि प्रत्येक चतुर्थांशात पावलं मोजावीत. चारही आकडे सारखे आले तर वर्तुळ गोल. घोडा थोडासा ताठ असेल तर एका बाजूचे आकडे हटकून कमी येतात, म्हणजे त्या बाजूला तो आत पडतोय.

हाताकडे आता यायला हरकत नाही. लगाम ही सरळ रेषा हवी: कोपर, मनगट, बिट (घोड्याच्या तोंडातली लोखंडी कडी). मुठी खोगिराच्या पुढच्या टोकाच्या वर, अंगठे वर. घोड्याचं डोकं वॉक (साधी चाल) आणि कॅंटरमध्ये पुढे-मागे हलतं, त्यामुळे कोपर सैल राहून हात त्याच्याबरोबर जायला हवा. ट्रॉटमध्ये डोकं जवळजवळ स्थिर असतं, तिथे मात्र हात स्थिर आणि शरीर खाली-वर. स्थिर म्हणजे घट्ट नव्हे. हाफ-हॉल्ट, म्हणजे घोड्याला न थांबवता क्षणभर सावरणं, शिकवताना हाच फरक कामी येतो: पाठ क्षणभर ताठ, बैठक जरा खोल, पाय तंगाशी, बाहेरच्या लगामाची मूठ मिटली, आणि लगेच सैल. सगळं मिळून जेमतेम सेकंदभर. सैल करायला विसरलं की घोडा बिटवर टेकतो आणि मग मुलाच्या हातात जणू पंधरा किलोंची पिशवी लटकते. उलट बाजूने तपासणं सोपं आहे: २० मीटरच्या वर्तुळात ट्रॉट करत लगाम हळूहळू सोडावा. घोडा नाक पुढे-खाली नेत, वेग न वाढवता मान लांब करत गेला तर काम बरोबर चाललंय. त्याने डोकं वर झटकलं किंवा धावायला लागला, तर आधीचं सगळं दिखाऊ होतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक क्लबांत शिकायला मिळणारे घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात, आणि परदेशी पुस्तकांतून वाचलेलं बरंच काही त्यांना लागू पडत नाही. जॉकी लगाम घट्ट धरतो तेव्हा घोड्याने जोर लावायचा, हे ते शिकलेले असतात, त्यामुळे घाबरलेल्या मुलाने लगाम ओढला की ते थांबण्याऐवजी पळतात. जॉकीचे पाय वर दुमडलेले असतात, म्हणून पोटाला लागलेल्या पायाचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो. चालत्या घोड्यावर जॉकीला उचलून बसवायची पद्धत असल्याने स्वार चढताना ते स्थिर उभे राहत नाहीत. उपाय कंटाळवाणे आहेत: दर वेळी बसण्याच्या ओट्याशी उभं करणं, वॉक-हॉल्ट-वॉक (चाल-थांब-चाल) असे दहा मिनिटांत वीसेक बदल, मोठी वर्तुळं आणि भरपूर मोकळा वॉक. असा घोडा तयार व्हायला वर्ष सहज जातं. तेवढा वेळ नसेल तर मुलाला आधीच शिकलेला, वयस्क, शांत घोडा द्यावा, मग तो दिसायला कसाही असो.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घेतलेल्या मारवाडी घोड्यावर ड्रेसाज होईल का, असंही विचारलं जातं. होईल, पण रवाल चाल असलेला घोडा घेऊ नये. बाजारात तिलाच जास्त भाव येतो, कारण स्वाराला धक्का बसत नाही. मात्र रवालीत एका बाजूचे पाय जवळजवळ एकत्र पडतात आणि ड्रेसाजमध्ये तिथे तिरप्या जोड्यांचा दोन ठोक्यांचा ट्रॉट हवा असतो. ट्रॉटचे गुण ताबडतोब १० पैकी ३-४ वर येतात. जमिनीवर १.२ ते १.३ मीटर अंतराने चार दांड्या ठेवून हळू ट्रॉट मागितला की काही घोड्यांचा ठेका सुधारतो, सगळ्यांचा नाही. वरातीसाठी नाचायला शिकवलेला घोडा तर नकोच. त्याने जागच्या जागी पाय आपटणं आणि ग्रां प्री या सर्वांत वरच्या पातळीतला पियाफ (जागच्या जागी केलेला ट्रॉट) यांत फार अंतर आहे.

तबेल्याची कामं मुलांनी स्वतः करावीत, हे बऱ्याच पालकांना पटत नाही, कारण साईस तयार घोडा आणून देतो. खरारा करताना पाठीवरून बोटं फिरवली की खोगिराखाली कुठे दुखतंय ते कळतं. खूर साफ करताना टाचेकडून पुढच्या टोकाकडे आकडा फिरवायचा, म्हणजे मधल्या मऊ भागाला टोचत नाही. पावसाळ्यात त्याच मऊ भागाशेजारच्या खाचांत काळसर, घाण वासाचा चिकट द्रव दिसला तर खूर सडायला लागला आहे. तबेला कोरडा करून नालबंदाला दाखवावं. तंग एका दमात आवळू नये: खोगीर ठेवल्यावर थोडा, चार पावलं चालवून थोडा, बसण्याआधी शेवटचा. नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. चंदी खाल्ल्यावर किमान तासभर घोडा चालवू नये, आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम उरकावं.

पहिली स्पर्धा सहा-आठ महिने नियमित चालवल्यावर, सोप्यातल्या सोप्या टेस्टने (ठरवून दिलेल्या हालचालींच्या क्रमाने) द्यावी. फेडरेशन इक्वेस्त्र इंटरनॅशनलच्या वयोगटांत १२ ते १४ ला चिल्ड्रन, १४ ते १८ ला ज्युनिअर आणि १६ ते २१ ला यंग रायडर म्हणतात, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाला घाई करण्याचं कारण नसतं. घंटा वाजल्यापासून ४५ सेकंदांत ए मधून आत जायचं असतं. आधी रिंगणाबाहेरून एक फेरी दोन्ही बाजूंनी मारावी, घोडा परीक्षकाच्या टेबलाला बुजतो तो इथे बुजून होतो. एक्सला हॉल्ट किमान ३ सेकंद आणि मग सलामी. मुलं सलामी देता देताच पुढे निघतात आणि तिथेच पहिला गुण जातो.

गुण ० ते १०. ५ म्हणजे जेमतेम, ६ समाधानकारक, ७ बऱ्यापैकी चांगलं. २०० पैकी १२४ म्हणजे ६२ टक्के, पहिल्यांदा हे उत्तम आहे. निकाल पाहून झाल्यावर स्कोअरशीट घेऊन बसावं आणि गुणांपेक्षा गुणांची रांग बघावी. कॅंटरवरून ट्रॉट, ट्रॉटवरून वॉक असे खाली येणारे सगळे बदल ५ वर आणि वर्तुळं ६.५ वर असतील, तर मुलाचा हात उशिरा सैल होतोय. पुढचे तीन आठवडे फक्त बदल. मोकळा वॉक कमी असेल तर ते महागात पडतं, कारण बऱ्याच टेस्टमध्ये त्याचे गुण दुप्पट धरतात, आणि तो सुधारायला रिंगण लागतच नाही, काम संपल्यावर लांब लगामाने दहा मिनिटं रस्त्यावर चालवलं तरी होतं. हीच टेस्ट दोन वेगवेगळ्या स्पर्धांत ६५ च्या आसपास येईपर्यंत वरच्या पातळीचा फॉर्म भरू नये.