नोंद सातवी: एकशे तेराचं घुमणं कुठून येत होतं ते सापडलं

मंडळी, सापडलं. सहा महिने ज्याच्या मागे लागले होते ते माझ्या घरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतलं ११३ हर्ट्झचं (सेकंदाला ११३ कंपनांचं) घुमणं काल रात्री अकराच्या सुमारास आलेखावरून खाली उतरलं, आणि त्यासाठी नवा रुपया खर्च झाला नाही. हाताला अजून चिंचेचा आणि तांब्याचा वास येतोय. का ते पुढे कळेलच.

पाचवी आणि सहावी नोंद वाचलेल्यांना आमची सांगलीची खोली आता पाठ झाली असेल. दहा बाय दहा, आणि जुनं घर असल्यामुळे उंचीही दहाच फूट. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. दहा फुटांत त्याचं जाणं-येणं वीस फुटांचं, म्हणून खोली आपणहून घुमते ती पहिल्यांदा ५६.५ हर्ट्झला, मग ११३ ला, मग १६९.५ ला. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी असती तर हे आकडे विखुरले असते. आमच्याकडे तिन्ही एकाच जागी एकावर एक बसतात. स्टुडिओसाठी घनाकृती खोली घेऊ नका असं सगळे सांगतात ते याचसाठी, पण घरात रिकामी खोली हीच होती आणि मला गाणी करायची होती.

५६.५ चा आम्हाला फारसा उपद्रव नाही. आमच्या गाण्यांत तिथं फार काही वाजतच नाही. ११३ मात्र नेमकं डग्ग्याच्या घुमाऱ्यात बसतं. आणि आमचा गायक काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा. त्याचा मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, कोमल धैवत जातो ११०-१११ च्या घरात. सध्याचं गाणं भैरवाच्या अंगानं बांधलंय, म्हणजे तो धैवत आंदोलित, हलकेच झुलवलेला. फेब्रुवारीतल्या पहिल्या टेकला हेडफोन उतरवून तो म्हणाला होता, "मी देतोय तेवढंच आंदोलन हवंय गं, ही खोली तिचं वेगळं देतेय." त्याचं ऐकणं अगदी बरोबर होतं. १११ वर गळा आणि ११३ वर खोली, म्हणजे सेकंदाला दोन थरथरी. श्वास घ्यायला तो थांबला की गळा गप्प व्हायचा आणि ते मागचं "ऊंऊं" तसंच तरंगत राहायचं.

गेल्या नोंदीनंतर काय काय झालं ते भराभर सांगते. कोपऱ्यांतले चारही बास ट्रॅप, म्हणजे खालचे सूर शोषणाऱ्या चौकटी, उभे राहिले. सुताराकडून पाइनच्या पट्ट्यांच्या चौकटी, आत ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल, म्हणजे दगडापासूनची लोकर, दोन इंचांच्या दोन लाद्या एकावर एक, मागे चार इंच मोकळी हवा, वरून मांजरपाट. मांजरपाट धुऊन घ्या, खळ निघून गेली की हवा नीट आरपार जाते. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची. सहज गेली तर चालेल.

रॉकवूलबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवते. पहिला माल ऑनलाइन मागवला होता, वर "हाय डेन्सिटी ४८" असं छापलेलं. लादी उचलताना हलकी वाटली म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. १२०० बाय ६०० बाय ५० मिलिमीटरची लादी ४८ ची असेल तर पावणेदोन किलोच्या आसपास भरायला हवी. ती भरली १ किलो १५० ग्रॅम. म्हणजे ३२ चा माल! परत पाठवण्यात तीन आठवडे गेले. मग कुपवाडच्या एमआयडीसीत बॉयलर आणि कोल्ड स्टोरेजला इन्सुलेशन पुरवणाऱ्याकडे गेले. त्यानं आधी लादी तोलून दाखवली आणि मगच पैशांचं बोलला. माझं मत आता पक्कं आहे: जिथं "स्टुडिओ" हा शब्द लावून माल विकतात तिथं जाण्याआधी जिथं कारखानदार माल घेतात तिथं जा. आणि ते टोकदार फोम घेऊच नका. ११३ हर्ट्झच्या लहरीची लांबी दहा फूट. तिच्यापुढे दोन इंचांचा फोम म्हणजे नसल्यातच जमा. तो वरचे सूर तेवढे खातो आणि खोली आणखी मुकी, घुसमटलेली वाटायला लागते.

तर ट्रॅप लावले, आरईडब्ल्यू हे खोलीचा आवाज मोजायचं सॉफ्टवेअर उघडलं, मापाचा माइक मधोमध ठेवून स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर, सोडला. वॉटरफॉल, म्हणजे कोणता सूर किती वेळ रेंगाळतो त्याचा आलेख, बघून आधी इतका आनंद झाला! ५६ पासून २०० पर्यंत सगळं खाली आलं होतं. पूर्वी जे विझायला पाऊण ते एक सेकंद घ्यायचं ते आता ३००-३५० मिलिसेकंदांत शांत. फक्त ११२-११३ ला एक बारीक कड तशीच उभी. साडेसातशे मिलिसेकंद. सुईसारखी अरुंद.

या सुईनं माझे पुढचे दोन महिने घेतले. माझे एचएस ५ स्पीकर पुढे-मागे केले, भिंतीपासून वीतभर ओढले, मग हातभर. लोखंडी कपाट दोघांनी मिळून बाहेर काढलं. खिडकीच्या गजांना फडकी बांधली. एका रात्री घराचा मेन स्विच बंद करून लॅपटॉप बॅटरीवर ठेवून मोजलं, कारण विजेची गुणगुण १०० ला असते आणि माझा आकडा त्याच्या जवळचा वाटत होता. फरक शून्य. माइक जमिनीलगतच्या चारही कोपऱ्यांत नेला. दार सताड उघडं टाकून मोजलं तेव्हा मात्र काहीतरी विचित्र आहे हे जाणवलं. दार उघडलं की खोलीचे बाकीचे आकडे सरकले, बसले, पण सुई होती तिथंच. ती खोलीची असती तर तिनंही हलायला हवं होतं. म्हणजे घुमणारी वस्तू खोलीत होती आणि ती खोलीहून वेगळी होती.

इथपर्यंत पोहोचले आणि अडकले. पाचवा ट्रॅप छताला टांगायचं ठरवलं, सुताराला मापंही दिली.

मग गेल्या आठवड्यात रत्नागिरीहून आत्या आली. मी काम करत असले की ती खोलीत येऊन बसते, काही बोलत नाही. काल मी स्पीकरवर ११२.५ चा नुसता सूर लावून मध्येच तोडत होते आणि शेपूट ऐकत होते. तीन-चार वेळा तिनं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हे घागर फुंकल्यासारखं येतंय. माळ्यावर आहेत ना अजून आपल्या?"

ज्यांच्या घरी अश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मी असते त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको. उदाच्या धुरावर धुपवलेली घागर दोन्ही हातांत धरून तोंडाशी आडवी फुंकायची, आणि ती आतून घुमायला लागते. लहानपणी मी तो आवाज पोटात अनुभवलाय. आणि त्या घागरी याच खोलीच्या दारावरच्या माळ्यावर, पडद्याआड, गाद्यांच्या वळकट्यांशेजारी, तोंड खोलीकडे करून ठेवलेल्या होत्या.

स्टूल लावून खाली काढल्या. दोन तांब्याच्या, एक लहान पितळी कळशी. चिंच-मिठानं काठ घासला आणि आत्यानं मोठी घागर उचलून फुंकली. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा तो एक श्वास! खोली भरून गेली. ट्यूनरचा काटा ए च्या (११० हर्ट्झच्या) वर गेला आणि थांबला: ११२ आणि थोडं. अंगावर सर्रकन काटा आला. दुसरी घागर फुंकली तर ११८. कळशी बरीच वर, तिचा इथं संबंध नाही.

आता कारण सरळ दिसतं. घागर म्हणजे पोटात कोंडलेली हवा आणि गळ्यात अडकलेला हवेचा बूच. बूच आत-बाहेर होतो, पोटातली हवा स्प्रिंगसारखी त्याला परत ढकलते. यालाच हेल्महोल्त्झ रेझोनेटर म्हणतात. आकडा ठरतो पोटाच्या मापावर आणि गळ्याच्या रुंदी-लांबीवर. तांबं असो की माती, त्यानं फारसं बिघडत नाही. लिटरच्या मापानं भरून बघितली, मोठीत वीस लिटर मावतं. एक लिटर पाणी आत ठेवून आत्याला पुन्हा फुंकायला लावली तर सूर चढून ११५ झाला. गणितानंही तेवढाच येतो. हे ताडून बघताना जे समाधान मिळालं ते सहा महिन्यांत मिळालं नव्हतं.

आणि जागा कोणती, तर छत आणि दोन भिंती मिळतात तो कोपरा. खोलीच्या प्रत्येक घुमण्याचा दाब सगळ्यात जास्त कोपऱ्यातच असतो. स्वीप आला की घागर तो सूर पोटात घ्यायची आणि खोली गप्प झाल्यावर सावकाश परत द्यायची. ट्रॅपमुळे बाकी सगळं लवकर विझायला लागलं, म्हणून हिची शेपूट उघडी पडली. मी माइक खालच्या चारही कोपऱ्यांत नेला होता, वरच्या एकाही नाही. तुमच्याकडे अशी अरुंद सुई असेल तर आधी माइक माळ्यापर्यंत वर न्या. रिकामे हंडे, पिंप, कार्बॉय, गिटार, स्टँडवरची ढोलकी, सगळं खोलीबाहेर काढून एकदा मोजा.

घागरी बाहेर ठेवून स्वीप घेतला: ३८० मिलिसेकंद. साडेसातशेवरून!

इथं खरं तर ही नोंद संपणार होती. पण तेवढ्यात डोक्यात आलं की जी वस्तू नेमका नकोसा सूर पोटात ओढते तिला तो परत देऊ दिला नाही तर? गळ्यात हवेला घर्षण मिळालं की बुचाची हालचाल तिथंच उष्णतेत जिरणार. धाकट्या घागरीच्या तोंडावर मलमलीचा एक पदर ताणून बांधला, पण तिचा सूर ११८, तो खाली आणायला हवा. तोंड अरुंद केलं की सूर उतरतो, म्हणून पुठ्ठ्याची कडी कापून आतून बसवली. तिसऱ्या कडीला ११३ लागला. माळ्यावर परत ठेवली, स्वीप घेतला: ३३०. म्हणजे नुसती बाहेर काढण्यापेक्षा मलमल लावून आत ठेवली तर जास्त फायदा. एका घागरीनं एवढं होत असेल तर वरच्या चारही कोपऱ्यांत एकेक हवी. सुताराला सकाळीच फोन करून पाचवा ट्रॅप थांबवायला सांगितला.

तांब्याच्या घागरी मात्र यात वापरणार नाही. मोठी तर अष्टमीची आहे, तिच्या तोंडाला कापड बांधणं आत्याला बरं वाटलं नसतं आणि मलाही नाही. ती आता देवघरात ठेवली. मातीची मडकी चालतील. युरोपातल्या जुन्या चर्चच्या भिंतींत मातीची मडकी चिणलेली सापडतात, आणि रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनं नाट्यगृहात बसवायच्या कांस्य भांड्यांबद्दल लिहून ठेवलंय, तेव्हा हा विचार काही नवा नाही. सूर नेमका करायला पाणी नको, ते उडून जातं आणि डासही होतात. कोरडी वाळू घालून पोट कमी करता येईल. हे लिहिता लिहिता सुचतंय: मडकी मुद्दाम थोडी मोठी घ्यायची, म्हणजे सूर १०८-११० ला येईल, आणि मग ओंजळ ओंजळ वाळू घालत ११३ ला चढवायचा. तंबोऱ्याचा मणी सरकवावा तसं.

५६.५ चाही विचार आला. त्याच गळ्याला अर्ध्या आकड्यासाठी चौपट पोट लागतं, म्हणजे ऐंशी लिटरचं पिंप. जागा नाही. सोडून दिलं.

रात्री सव्वाबाराला, पंखा बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा, डग्ग्याची एक ओळ घेतली. तबल्यावरचा दादा जवळच राहतो, हाक मारल्यावर आला बिचारा. एसएम ५७ माइक पुडीपासून चार बोटांवर, स्कार्लेट या ऑडिओ इंटरफेसचा गेन अर्ध्याच्या खाली, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट. त्यानं मनगट दाबून एक मींड घेतली. "गे" खालून निघाला, वर चढला, आणि जिथं त्यानं तळवा टेकवला तिथं थांबला. खरंच थांबला. पूर्वी तळवा टेकल्यावरही अर्धा सेकंद खोली बोलत राहायची. दादानं हेडफोनवर ऐकलं आणि नुसतं "परत लाव" म्हणाला. पाच वेळा लावलं.

आज संध्याकाळी मिरजेच्या कुंभाराकडे जाऊन आले. माप सांगितलं: पोट बावीस लिटर, तोंड बारा सेंटिमीटर, गळा चार बोटं, चारही एकसारखी. चार एकसारखी होणार नाहीत, हातानं होतात ती, असं त्यानं आधीच सांगितलं. म्हटलं चालेल, वाळू आहे. ढगाळ हवा आहे, वाळायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर धैवताचे टेक थांबवलेत आणि गायकाला पुढच्या रविवारचा दिवस दिलाय.