तीन मैल म्हणजे चारशे ऐंशी साखळ्या

मे महिन्यात एका रात्री साडेअकराला लेकीचा फोन आला. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात, तिचा स्वयंपाक चालू असतो, त्या वेळेला ती कधी फोन करत नाही. हिने घाबरतच उचलला. "बाबांना दे," एवढंच मला ऐकू आलं.

"बाबा, पिल्लूची बस बंद करतायत सप्टेंबरपासून."

"का?"

"ती आठ वर्षांची झाली म्हणून."

मला वाटलं, चेष्टा करतेय. आठ वर्षांची झाली म्हणून बस बंद? शाळा तीच, घर तेच.

माझी थोडी ओळख द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं काढली. भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारा, म्हणून लागलो, शहापूर झालं, मुरबाड झालं, शेवटची वर्षं ठाण्यात. आता कोपरीत राहतो. कुणी अंतराचा विषय काढला की मी आपोआप सावरून बसतो. त्यामुळे लेक रडत असताना मी विचारलेला पुढचा प्रश्न "अंतर किती भरतं?" हा होता, आणि त्यावरून हिने मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऐकवलं.

लेक, जावई आणि माझी नात पिल्लू इंग्लंडमध्ये एका लहान गावात राहतात. जावई इस्पितळात नर्स आहे, लेक एका दुकानाचे हिशेब बघते. गावात शाळा नाही, शेजारच्या गावात आहे. सकाळी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाची, मिनीबस यायची, पिल्लूसारखी आणखी पाच पोरं घेऊन जायची, दुपारी आणून सोडायची. फुकट. व्हिसावर गेलेल्यांना सरकारी मदतीवर हक्क नसतो, म्हणून जावयाला सुरुवातीला अर्ज करायचीच भीती वाटत होती. पण ज्या मदतीला मनाई आहे तिची यादी ठरलेली असते आणि शाळेचा प्रवास त्या यादीत नाही. हे त्याला वर्षभरानं कळलं. तोवर पेट्रोल जळलं ते जळलं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं पत्राचा फोटो पाठवला आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो. इंग्लंडमधला नियम असा आहे. शाळा सक्तीच्या वयातलं, म्हणजे ५ ते १६ वर्षांचं मूल असेल, ते जवळच्यात जवळच्या योग्य शाळेत जात असेल, आणि ती शाळा चालत जाण्याच्या ठरलेल्या अंतरापलीकडे असेल, तर न्यायची-आणायची सोय कौन्सिलनं फुकट करायची. ठरलेलं अंतर म्हणजे आठ वर्षांखालच्या मुलाला २ मैल आणि आठ पूर्ण झाली की ३ मैल. हे दोन आणि तीन मैल १९४४ च्या शिक्षण कायद्यातले आहेत. आज चालतो तो १९९६ चा कायदा, कलम ५०८ बी, पण मैल तेवढेच राहिले.

आमची मोजणीची जुनी साखळी तेहतीस फुटी, तिचे सारखे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचं. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, हे आजही प्लॉट घेणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मैलात अशा बरोबर १६० साखळ्या बसतात. पिल्लूचं घर ते शाळा २.३ मैल, म्हणजे ३६८ साखळ्या. सात वर्षांच्या मुलाची हद्द ३२० साखळ्या, तेव्हा बस मिळाली. वाढदिवस झाला, हद्द ४८० वर गेली आणि आमची पोर हद्दीच्या आत आली. कौन्सिलनं शाळेचं वर्ष संपेपर्यंत बस चालू ठेवली, एवढा त्यांचा मोठेपणा.

यात गृहीत असं आहे की मुलाबरोबर गरज पडली तर मोठं माणूस चालेल. आई-बाप नोकरीला जातात ही सबब सहसा चालत नाही. आता हिशेब करा. सकाळी शाळेपर्यंत २.३ मैल, तिथून घरी २.३, दुपारी पुन्हा तेवढंच दोनदा. पिल्लू चालणार साडेसात किलोमीटर आणि तिची आई जवळजवळ पंधरा. ज्यानं हे लिहिलं त्यानं आईचं अंतर मोजलं नव्हतं.

लेकीनं अपिलाचा मसुदा पाठवला. मी वाचला आणि डोक्याला हात लावला. दोन पानं. आम्ही किती कष्ट करतो, पोर किती हुशार आहे, आम्हाला किती वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, हे तू मला लिही, मी तुझा बाप आहे. त्यांना पंचनामा पाठव.

कारण नियमात आणखी एक ओळ होती. अंतर हद्दीच्या आत असलं, तरी तो रस्ता मोठ्या माणसाबरोबर चालायलाही धोक्याचा असेल तर सोय द्यावी लागते. आणि हे अंतर मोजायचं ते मूल ज्या वाटेनं बऱ्यापैकी सुरक्षित चालू शकेल अशा सगळ्यात जवळच्या वाटेचं. हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. नुसती जवळची वाट नाही, सुरक्षित वाटांतली जवळची. शब्द एकच वाढतो, पण मोजणीचा नकाशाच बदलतो. २.३ मैलांचा रस्ता धोक्याचा ठरला तर तो बाद, मग पुढची वाट मोजा. गावाला वळसा घालून जाणारा फुटपाथवाला रस्ता भरत होता ३.२ मैल. ५१२ साखळ्या. हद्दीच्या बाहेर.

इथे कोपरीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. नकाशावर माझ्या घरापासून ठाणे पश्चिम एक बोटभर आहे. मधे रेल्वे आहे. पादचारी पुलानं गेलात तर एक अंतर, कोपरी पुलावरून रिक्षानं गेलात तर भलतंच.

लेकीला कामाला लावलं. रविवारी सकाळी दोघं नवरा-बायको टेप घेऊन निघाली. त्या रस्त्याचा सहाशे यार्डांचा तुकडा असा, की फुटपाथ नाही, एका बाजूला झुडपांची दाट कुंपणं, दुसऱ्या बाजूला खोल चर. मी सांगितलं, तीन ठिकाणी कडेची रुंदी मोज, टेप दिसेल असा फोटो काढ, वेळ लिही. सोमवारी शाळेच्या वेळेला उभी राहा आणि वीस मिनिटांत किती गाड्या गेल्या ते मोज. विशेषणं एकही घालू नकोस. कडेला जागा "खूपच कमी" लिहू नकोस, दीड फूट लिही.

पत्र मिळाल्यापासून कामाचे वीस दिवस असतात अपिलाच्या पहिल्या टप्प्याला. सुट्ट्या धरायच्या नाहीत. लेकीनं सोळाव्या दिवशी पाठवलं. जुलैच्या सुरुवातीला उत्तर आलं: नाही. रस्त्याबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. त्यांनी शेतातून जाणारी पायवाट दाखवली, २.६ मैलांची. तिकडे पायवाटाही मोजणीत धरतात.

वहिवाटीची वाट! इथे मला त्या कौन्सिलबद्दल थोडा आदर वाटला, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे गाव नकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेनं दाखवतात, रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे साखळीचे चार आणे. गाडीमार्ग दुबार तुटक रेषेनं, साडेसोळा ते एकवीस फूट. कागदावर वाट असते. जागेवर गेलं की कुणी बांध घातलेला असतो, कुणी उकिरडा केलेला असतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक शपथेवर सांगतात की वाट इथे कधी नव्हतीच. त्यामुळे माझा पहिला सवाल होता, ती वाट जागेवर आहे का?

होती. लेकीनं जूनमधले फोटो पाठवले. पिवळी फुलं, मऊ गवत, लाकडी पायऱ्यांनी कुंपण ओलांडायचं, पलीकडे मेंढ्या. ते बघून कुणीही म्हणेल, अशा वाटेनं शाळेत जायला नशीब लागतं. मी म्हटलं, हे फोटो चुकून कुणाला दाखवू नकोस. जानेवारीतले शोध.

सापडला एक. जावयानं हौसेनं काढलेला, ओढ्याचं पाणी शेतात पसरलंय आणि त्यात झाडांची प्रतिबिंबं पडलीयत. वाट त्या पाण्याखाली होती. फोटोवर तारीख-वेळ होती: सकाळचे आठ, आणि आकाश अजून करडं. डिसेंबर-जानेवारीत तिकडे उजाडायलाच आठ वाजतात, आणि शेतात दिवे कुठून असणार.

दुसऱ्या टप्प्याला पुन्हा कामाचे वीस दिवस, आणि सुनावणी कामाच्या चाळीस दिवसांत. ही स्वतंत्र मंडळापुढे होते, पहिला निर्णय देणारा माणूस त्यात नसतो. तिथेही प्रक्रियेत चूक झाली असं वाटलं तर लोकपालाकडे जाता येतं, पण ते पुढचं.

मधल्या काळात माझा दुसरा एक उद्योग सुरू झाला. आमच्या बिल्डिंगमधल्या एका घराचा मुलगाही तिकडेच असतो, दुसऱ्या कौंटीत. त्याच्या मुलाला अकराव्या वर्षी मोठ्या शाळेत घालायचं होतं. त्यांनी अर्जात जवळची शाळा लिहिलीच नाही, नाव मोठं असलेली लांबची लिहिली, १ मार्चला ती मिळाली, पेढे वाटले. बस मात्र नाही. जवळच्या शाळेत जागा मिळू शकत होती आणि तुम्ही ती मागितली नाहीत, तर लांबचा खर्च तुमचा. कमी उत्पन्नाचं घर असतं तर ११ ते १६ वयाला वेगळी सवलत आहे: जवळच्या तीन योग्य शाळांपैकी कुठलीही, २ ते ६ मैलांतली. धर्माच्या कारणानं निवडलेली शाळा १५ मैलांपर्यंत. पण हे दोघंही कमावते. त्या घरात हा विषय मी पुन्हा काढत नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी हे सगळं महिनाभर ऐकत होत्या. एक दिवस लाटणं थांबवून म्हणाल्या, "काका, इथं मिळतं का असं काही?" त्यांची नात लोकमान्यनगरला सहावीत आहे.

मिळतं, आणि नाहीही. आपल्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला १ किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीला ३ किलोमीटरच्या आत. जिथे नाही तिथे जाण्यायेण्याची सोय सरकारनं करायची. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मुलामागे वर्षाला ६००० रुपयांपर्यंत भत्ता धरलेला आहे. पण ठाणे शहरात तेवढ्या अंतरात महापालिकेची शाळा असतेच, त्यामुळे मावशींच्या नातीचा प्रश्न तिथेच मिटतो. तो भत्ता मुरबाड-शहापूरच्या पाड्यांसाठी. मी तिथे मोजणीला जायचो तेव्हा सकाळी सातला डोक्यावर दप्तर धरून ओढा उतरणारी पोरं बघितली आहेत, त्यांना कसला भत्ता हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. मावशींच्या भावाच्या मुली मुरबाडकडच्या, त्यांना एसटीचा मोफत पास आहे, पाचवी ते बारावीच्या मुलींना असतो तो. आणि त्यांच्या बहिणीचा मुलगा पायानं अधू आहे हे ऐकल्यावर मी त्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ कागदावर लिहून दिलं, त्यात प्रवासाच्या सोयीचा स्पष्ट उल्लेख आहे. मुख्याध्यापकांना तोंडी विचारू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, हे दोनदा बजावलं. पोच घेतल्याशिवाय आपल्याकडे अर्ज दिला असं होत नाही.

पिल्लूची सुनावणी सप्टेंबरच्या मध्यात झाली, तिकडे सकाळी दहाला, आपल्याकडे अडीच. मी फोनवर हजर राहतो म्हटलं होतं, लेकीनं स्वच्छ नाही सांगितलं. मग घरात बसवेना, मासुंदा तलावाच्या काठी बाकावर जाऊन बसलो. भर दुपारी तिथे मी आणि दोन कुत्री.

चारला मेसेज आला. मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, रस्त्याच्या कडेला जागा अंदाजे किती आहे? लेक म्हणाली, अंदाजे नाही, दीड फूट, तीन ठिकाणी मोजली आहे, फोटो क्रमांक ४, ५ आणि ६. मी तो मेसेज हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, "बापावर गेलीय," आणि ते कौतुक नव्हतं.

आठवड्याभरात पत्र आलं. रस्त्याचा तो तुकडा धोक्याचा धरला, शेतातली वाट हिवाळ्यात भरवशाची नाही हेही धरलं. उरली ती ३.२ मैलांची, म्हणजे बस द्यावी लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मिनीबस दारात आली. तोवरचे चार आठवडे जावयानं रात्रपाळ्या मागून घेतल्या होत्या, सकाळी घरी येऊन गाडीनं पोरीला सोडायचा आणि मग झोपायचा.

धाकटा नातू पुढच्या सप्टेंबरला शाळेत जाईल. तेव्हा तो साडेचार वर्षांचा असेल, आणि कायद्याचा हक्क सुरू होतो पाच पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून. मधल्या महिन्यांसाठी कौन्सिलचं स्वतःचं धोरण काय आहे ते बघावं लागेल. मी परवा लेकीला म्हटलं, ते पान आत्ताच उघड, अर्ज कधीपासून घेतात तेही बघ.

ती म्हणाली, "बाबा, आधी त्याला बूट तरी घालता येऊ देत."