शिखरानंतरची घसरण

त्या दिवशी मी जुनी निरीक्षणं पुन्हा तपासत होते. एक्स-किरणांचा स्रोत जीआरएस १९१५+१०५, गरुड तारकासमूहातला, १९९२ साली सापडलेला. सूर्याच्या साधारण बारा पट वस्तुमानाचं कृष्णविवर आणि त्याच्याभोवती, शेजारच्या ताऱ्याकडून ओढलेल्या वायूची गरगरणारी तबकडी. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर चित्रं पाहतो. आमच्या हाती येते ती फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, कधी आले त्या वेळांची लांबलचक यादी. पृथ्वी आड आली तो वेळ त्यातून काढायचा, उपग्रह किरणोत्सारी पट्ट्यातून गेला तोही काढायचा, पार्श्वभूमी वजा करायची आणि मग आलेख.

माझा आलेख जवळजवळ सपाट आला. संगणकावरच्या तयार स्क्रिप्टमध्ये फोटॉन शंभर-शंभर सेकंदांच्या गटांत मोजले जात होते. अशा स्क्रिप्ट वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि आतला आकडा कुणी उघडून पाहत नाही, याचा मला मनापासून राग येतो. गट एका सेकंदाचे केले तेव्हा दर पन्नासेक सेकंदांनी एक, असे प्रकाशाचे स्फोट ओळीने उभे राहिले. प्रत्येक गटात दोन-दोन स्फोट विरघळून गेले होते.

ज्येष्ठ सहकारी मागून म्हणाले, "अगं, जवळपासचा एखादा न्यूट्रॉन तारा घुसला असेल. आधी तो बाद कर." शंका रास्त होती, पण त्यांनी आकार नीट पाहिला नव्हता. न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गोळा. त्याच्या पृष्ठभागावर साचलेला वायू पेटतो, तेव्हा प्रकाश झटकन चढतो आणि सावकाश उतरतो. पृष्ठभाग निवत जातो, म्हणून उतरताना एक्स-किरणांची सरासरी ऊर्जाही घटते. इथे सगळं उलटं होतं. चढण संथ आणि शिखरावरून काही सेकंदांत थेट घसरण.

स्फोटांमधलं अंतर अगदी सारखं नसतं, म्हणून आलेखाचे ठरावीक कालावधीचे तुकडे करून एकावर एक ठेवले, म्हणजे घडी घातली, तर आकार पुसट होतो. मी प्रत्येक स्फोटाचं शिखर हाताने शोधलं आणि चाळीस स्फोट शिखराला शिखर लावून एकावर एक ठेवले. मग जास्त ऊर्जेच्या फोटॉनांना कमी ऊर्जेच्या फोटॉनांनी भागलं. प्रकाश घसरत होता आणि गुणोत्तर चढत होतं! निवणारी वस्तू असं वागत नाही. सहकाऱ्यांनी खुर्ची ओढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

१९९६ साली आयआरएस-पी३ उपग्रहावरून गेलेल्या भारतीय उपकरणानेही याच स्रोताचे असे स्फोट टिपले होते. त्या उपकरणावर काम करणाऱ्या संशोधकांनी घसरणीचा अर्थ लावला तो असा, की वायू घटनाक्षितिजाआड, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या कृष्णविवराच्या सीमेआड, नाहीसा होतो. दुसरं स्पष्टीकरण किरणांच्या दाबाचं. त्या दाबाने तबकडीचा आतला भाग फुगतो, रिकामा होतो आणि बाहेरच्या वायूने पुन्हा भरतो. पण रिकामा होताना किती वायू आत पडला आणि किती वाऱ्यासारखा बाहेर उधळला? माझ्या आलेखात दोन्हींची घसरण सारखीच दिसेल. चाळिसांपैकी एका स्फोटात ती मध्येच थबकते, छोटा उंचवटा येतो आणि मग पुन्हा कोसळते. तेवढा तुकडा मी अजून वेगळा ठेवलाय.