पायाकडे बघू नका

"पायाकडे बघू नकोस" हे ज्युदो शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतं, आणि शिकणारा प्रत्येक जण बघतोच. डोकं खाली गेलं की पाठ वाकते, कोपर अंगापासून सुटतं आणि समोरच्याला आयती संधी मिळते. सांगून सांगून माझा घसा बसायची वेळ आली होती. मग एका संध्याकाळी, ज्याला अजिबात दिसत नाही असा एक ज्युदोपटू आमच्यात सरावाला आला.

पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीनांचा ज्युदो १९८८ पासून आहे, महिलांसाठी २००४ पासून. नियम बरेचसे नेहमीचेच. मोठा फरक म्हणजे पकडीसाठी झटापट नाही. दोघं एकमेकांना धरूनच उभे राहतात, मग पंच 'हाजिमे', म्हणजे 'सुरू करा' म्हणतो. पकड सुटून दोघं वेगळे झाले की 'माते', म्हणजे 'थांबा', आणि मधोमध येऊन पुन्हा धरायचं.

आल्या आल्या त्याने मॅटची कड पायाने चाचपत एक फेरी मारली. उकेमीच्या, म्हणजे न लागता पडण्याच्या सरावाच्या वेळी मी सवयीने ओरडलो, "पट्ट्याच्या गाठीकडे बघा!" तो हसून म्हणाला, "सर, मी आपली हनुवटी छातीला लावतो." खरं तर नेमकं तेवढंच हवं असतं, डोकं मागे आपटू नये म्हणून. तेव्हापासून मी सगळ्यांना हनुवटीच सांगतो.

रांदोरीला, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीला, त्याच्यासमोर आमचा एक तपकिरी पट्टेवाला उभा केला. वजनाने बरोबरीचा, ताकदीने जरा जास्तच. एक हात कॉलरवर, एक बाहीवर, नेहमीची पकड. आमच्या गड्याने दोन्ही हात ताठ करून त्याला लांब ठेवलं. पाहुणा काहीच करेना, नुसता चालत राहिला. पण त्याची बोटं बघण्यासारखी होती. करंगळी आणि अनामिका घट्ट, तर्जनी जवळजवळ सैल. मनगट मोकळं. आमच्या गड्याच्या ताठ हातांनी त्याचीच चुगली केली. वजन जरा इकडचं तिकडे झालं की ते थेट समोरच्याच्या हातात पोचत होतं.

मग आमच्या गड्याने उजवा पाय पुढे टाकला. पाऊल टेकतंय, पण वजन अजून पुरतं आलेलं नाही, इतक्यात पाहुण्याच्या डाव्या पायाचा तळवा घोट्याला बाहेरून लागला, बाही खाली ओढली गेली आणि गडी आडवा. दे-आशी-बाराई, पुढे येणारा पाय झाडून पाडण्याचा डाव. ताकद लावल्यासारखं काही दिसलंच नाही.

"कळलं कसं?" मी विचारलं.

"पाय उचलायच्या आधी तो दुसऱ्या पायावर कलतो ना, सर. बाही हलकी होते."

पुस्तकात कुझुशी, त्सुकुरी, काके असे टप्पे असतात: तोल घालवणं, जागा घेणं, फेकणं. यातला पहिला टप्पा हातांचा. पाऊल डोळ्यांना दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. वजन पडल्यावर पाय झाडला तर नडगीवर नडगी आपटते आणि समोरचा जागचा हलत नाही. नव्या मुलांच्या नडग्या काळ्यानिळ्या असतात त्या याच पायी.

उरलेला वेळ मी फेकणं बंदच केलं. जोडीतल्या एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने हवं तसं चालायचं. मिटलेल्याने फक्त बोलायचं: "डावा, उजवा, डावा," म्हणजे जोडीदाराचं वजन आत्ता कुठे आहे ते. सुरुवातीला सगळे चुकले, कारण सगळ्यांनी कॉलर आवळून धरली होती. मुठी सैल झाल्या तशी उत्तरं बरोबर यायला लागली. हा सराव घरच्या फरशीवर करू नका. मॅटवर, आजूबाजूला मोकळी जागा ठेवूनच करा. उकेमी पक्की नसेल तर डोळे मिटून फेकाफेकी नकोच, ओ-सोतो-गारी हा बाहेरून पाय झाडून मागे पाडण्याचा डाव तर मुळीच नको. त्यात माणूस पाठीवर आदळतो आणि डोकं आधी जायची भीती असते.

नेवाझामध्ये, म्हणजे जमिनीवर, त्याने आमच्यातल्या बहुतेकांना केसा-गातामेत, म्हणजे पाठीवर दाबून धरण्याच्या पकडीत, धरून ठेवलं. तिथे तसंही कुणाला काही दिसत नाही, तोंडावर कुणाचा तरी गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख असतो.

जाताना त्याची एकच तक्रार होती. आमची मुलं वाकून नमस्कार करतात ते अगदी गुपचूप. "जरा आवाज करा की," तो म्हणाला, "मी कुणाला नमस्कार करतोय ते मला कळू दे."