तिसरा ड्राफ्ट : भूकंपाआधीचे कोणते सीन ठेवू, कोणते कापू

मंडळी, किल्लारीच्या भूकंपावरच्या कादंबरीचा तिसरा ड्राफ्ट चालू आहे, सध्या सगळा जोर पहिल्या भागावर, म्हणजे २९ सप्टेंबर १९९३ च्या रात्रीपर्यंत. जमीन हलायच्या आधी गाव वाचकाला आपलं वाटायला पाहिजे, पण त्या नादात पानं वाढतच जातात.

पद्धत साधी ठेवलीय, सीन उचलून वेगळ्या फाईलमध्ये टाकायचा आणि पुढचं मोठ्यानं वाचायचं, कुठं अडखळलं नाही तर तो परत आणायचा नाही. ७२ च्या दुष्काळाचा सीन असाच गेला. आजोबा खडी फोडायला जातात, कामावर सुकडी मिळते, घरात लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, लई जीव होता माझा त्याच्यावर. पण तो काढल्यावर पुढं कुणाचंच काही अडंना. आता आजोबा पंगतीत सांडलेलं शीत उचलून खातात, एवढंच ठेवलं.

विसर्जनाचे तीन सीन होते, त्यांचा एक केला. लेझीम, मिरवणुकीतलं भांडण सगळं गेलं. अनंत चतुर्दशीला गाव दमून उशिरा झोपलं आणि पहाटे चारच्या सुमाराला धक्का बसला, त्यामुळं त्या रात्री कोण ओट्यावर पडलं आणि कोण आत जाऊन झोपलं हेच मला महत्त्वाचं वाटतं.

माळवदाचा, म्हणजे घरावरच्या मातीच्या सपाट छपराचा सीन मात्र मी सोडणार नाही. बाप आणि पोरगा पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकतात, बास, बाकी काही घडत नाही. मामींनी वाचून विचारलं, हे कामून ठेवलंय? पण दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं, याच्याखालीच तर झोपलेली माणसं गेली, आणि त्यातली काही पाट्या माती पोरानं सोताच्या हातानं टाकलेली. फक्त वजन वाढतंय असं सांगणारा परिच्छेद काढला, वाचकाला ते त्या वेळी नुसतं उन्हाळ्यातलं काम वाटलं पाहिजे.

अडलंय ते १९९२ च्या सीनपाशी. त्या ऑक्टोबरात किल्लारी भागात छोटे धक्के बसले होते. माझ्या सीनमध्ये फळीवरची भांडी वाजतात, लोक काही रात्री बाहेर झोपतात, मग थंडी वाढली की परत आत. आधी वाटलं कापावा, कारण पुढं काय होणार ते सगळ्यांना माहीतच आहे. पण तो माळवदाच्या बरोबर आधी ठेवून बघितला तर माती टाकायच्या सीनचा अर्थच बदलला राव, भांडी वाजलेली ऐकूनही घरचे वर आणखी माती टाकतायत, कारण गळकं घर ही दरवर्षीची काळजी असती आणि धक्का कधीतरीचा. म्हणून आता दोन्ही ठेवतोय, मधला बाजाराचा सीन कापून.

तुमच्यापैकी कुणी लहानपणी माळवदावर माती टाकलेली असंल तर सांगा, ती कोरडीच पसरायचे का पाणी मारून ठोकून बसवायचे?