सादळू न देण्याची वाटचाल : गूळ-मसाला दाण्यांचा आमचा घरगुती उद्योग

लातूर भागात गूळ-शेंगदाणे कुणाला खायला शिकवावे लागत नाहीत. उन्हातून आलेल्या माणसापुढे पाण्याच्या तांब्याबरोबर गुळाचा खडा आणि मूठभर दाणे ठेवायची रीत इथं जुनीच आहे. आम्ही तोच गूळ पाक करून दाण्यावर चढवला, त्यात सुंठ, दालचिनी, मिरे, विलायची घातली आणि तो दाणा पाकिटात दोन महिने कुरकुरीत राहावा अशी व्यवस्था केली. चव पहिल्या पाच-सहा घाण्यांतच जमली. कुरकुरीतपणा टिकवायला मात्र पुढचे तीन हंगाम लागले. एक किलोच्या कढईपासून आजच्या फिरत्या पॅनपर्यंत आमच्या कामात जे जे बदललं, ते सगळं ओलावा बाहेर ठेवण्यासाठीच बदललं. म्हणून ही वाटचाल त्याच क्रमाने सांगतो.

सुरुवात शेंगेपासून. उन्हाळी शेंग मे-जूनमध्ये बाजारात येते, खरिपाची दिवाळीच्या आगेमागे. घेताना शेंग कानाशी हलवून बघायची. आत दाणा खुळखुळला तर वाळलेली, गप्प राहिली तर ओली. दाणा दाताखाली धरला की कट्‌कन तुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. साठवणुकीच्या दाण्यात ओलावा ८ टक्क्यांच्या आत हवा. त्यापुढे बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. साध्या भाजण्याने ते पुरतं जात नाही, म्हणून आमच्याकडे निवडण्याचं काम भाजण्याआधीच होतं. सुरकुतलेला, काळपट, हिरवट पावडर धरलेला, भोक पडलेला किंवा चुरलेला दाणा बाजूला काढतो. तो तेलालाही द्यायचा नाही आणि जनावरांनाही घालायचा नाही. टाकूनच द्यायचा.

जात निवडताना आम्ही जाड्या दाण्यापेक्षा टॅग-२४ सारखा मध्यम दाणा पसंत करतो. जाडा दाणा दिसायला छान, पण बाहेरून भाजला तरी आत कच्चा राहतो. आतला ओलावा मग आठवडाभराने बाहेर येऊन गुळाचा थर मऊ करतो. मध्यम दाणा एकसारखा भाजला जातो आणि वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्यामुळे मसालाही जास्त धरतो.

हिशेबाचं गणित इथंच सांगून टाकतो, कारण नवे लोक नेमके यात फसतात. १०० किलो शेंग फोडली की साधारण ७० किलो दाणे निघतात. निवडून ६५-६६ किलो उरतात. भाजून, साल काढून, पाखडून हातात येतात जेमतेम ६० किलो, कारण भाजताना ४-५ टक्के पाणी उडतं आणि सालीत आणखी ३ टक्के जातात. भाव काढायचा तो या ६० किलोंवर. शेंगेच्या भावावर किंमत लावली, तर विक्री वाढेल तसा तोटाही वाढतो.

भाजण्याच्या दोन पद्धती आहेत. कढईत वाळूबरोबर भाजलेल्या दाण्याला वास उत्तम येतो, पण सालीला वाळूचा कण चिकटून राहिला तर गुळाच्या थराखाली तो दिसत नाही, थेट दाताखाली येतो. त्यामुळे आम्ही भट्टीवर आलो. १५० अंश सेल्सिअसला २२ ते २५ मिनिटं, ट्रेमध्ये एकेरी थर, मध्ये दोनदा उलथायचं. दाणा फोडला की आतली डाळ फिकट बदामी दिसली पाहिजे. पांढरी म्हणजे कच्चा, तपकिरी म्हणजे पुढे कडवट होणार. ट्रे बाहेर काढल्यावरही दाणा आपल्याच उष्णतेने दोन-तीन मिनिटं भाजत राहतो, म्हणून हव्या त्या रंगाच्या जरा आधीच काढायचा. गार झाल्यावर गोणपाटावर चोळायचा आणि सुपाने पाखडायचा. साल पूर्ण निघाली नाही, तर तिथं पाक धरत नाही आणि पुढे सालीसकट पापुद्रा सुटतो. काजू घालायचे तर १४० अंशाला १२ मिनिटं पुरतात, बदामाला १५० अंशाला १८ मिनिटं. तिन्ही एका ट्रेमध्ये कधीच भाजायचे नाहीत. बदाम होईपर्यंत काजू करपतो.

आता गूळ. या धंद्यातलं निम्मं यश गुळाच्या ढेपेत असतं. लातूरच्या बाजारात गुळाची आवक हिवाळ्यात जोरात असते. आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत वर्षाचा गूळ एकदम घेतो, कारण त्या गुळात रवा चांगला असतो. ढेप फोडताना खणखणीत आवाज आला पाहिजे आणि तुटलेल्या भागावर कण चमकले पाहिजेत. बोटाने दाबल्यावर खड्डा पडणारा, आंबूस वासाचा, घाम सुटलेला गूळ स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्यात साखरेचं विघटन होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढलेलं असतं. ते पाकाला कण धरू देत नाही आणि हवेतलं पाणी ओढतं. असा गूळ कितीही आटवला तरी दाणे चिकटच राहतात. फार पिवळाधमक गूळही आम्ही टाळतो. तो रंग बहुतेक वेळा रसायनाने आणलेला असतो. काळसर, तांबूस गुळाचे दाणे दिसायला कमी उजळ, पण चवीला खोल असतात.

आमचं सध्याचं प्रमाण असं : भाजून सोललेले दाणे १ किलो, गूळ ३०० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, पाणी ७० मिलिलिटर, तूप १० ग्रॅम, सुंठपूड ६ ग्रॅम, दालचिनी ३ ग्रॅम, विलायची ३ ग्रॅम, मिरेपूड २ ग्रॅम, लवंग १ ग्रॅम, जायफळ अर्धा ग्रॅम आणि बारीक दळलेलं मीठ ८ ग्रॅम. साखर का, असं गिऱ्हाईक विचारतं. नुसत्या गुळाचा पाक कण धरायला वेळ लावतो आणि प्रत्येक ढेपेबरोबर वेगळा वागतो. थोडी साखर असली की पाक लवकर आणि एकसारखा रवाळ होतो. ती घटकांच्या यादीत आम्ही लिहितो, लपवत नाही.

गूळ-साखर पाण्यात विरघळवून आधी गाळून घ्यायची. उसाची चिपाडं आणि माती निघतेच. मग मध्यम आचेवर आटवायचं. पाक ११८ अंशांना आला की उतरवायचा. पुस्तकांत गोळीबंद पाकाचा जो आकडा असतो, त्यापेक्षा आपल्याकडे दोन अंश कमी धरावे लागतात, कारण बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, पाणीच ९८ अंशांना उकळतं. थर्मामीटर नवा आणला की आधी उकळत्या पाण्यात बुडवून तो किती दाखवतो ते लिहून ठेवायचं. थर्मामीटर नसेल तर वाटीत गार पाणी घेऊन थेंब सोडायचा. गोळी बोटांत घट्ट वळली, पण दाबल्यावर किंचित दबली, की झाला. गोळी काचेसारखी तुटली तर पाक चिक्कीचा झाला, तो दाण्यावर पसरण्याआधीच गोळे करतो.

याच वेळी दाणे कोमट असले पाहिजेत, साधारण ६० अंशांना. गार दाणे टाकले की पाक त्यांच्यावर पडताक्षणी थिजतो आणि पाच-सहा दाण्यांचे गठ्ठे होतात. सुरुवातीला आमच्या निम्म्या घाण्यांची हीच तक्रार होती. आम्ही पाकाला दोष देत राहिलो, दोष दाण्यांच्या गारठ्याचा होता. आता भाजलेले दाणे मंद भट्टीतच ठेवतो आणि पाक उतरला की थेट कढईत घेतो.

आच बंद करून दाणे घालायचे आणि सराट्याने तळापासून वर सतत हलवायचं. पहिलं मिनिट सगळं ओलं, चकचकीत दिसतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चकाकी जाते, थर मंद, रवाळ दिसू लागतो आणि कढईला दाणे घासल्याचा आवाज बदलतो. तो आवाज ओळखायला शिकणं हेच या कामातलं खरं कौशल्य. त्या क्षणी मसाला भुरभुरायचा, त्याआधी नाही. उकळत्या पाकात घातलेल्या विलायचीचा वास वाफेबरोबर जातो आणि दालचिनीची पूड ओल्या पाकात बुळबुळीत होऊन थर चिकट करते. मीठ जाडं असेल तर एखादाच दाणा खारट लागतो, म्हणून तेही पिठासारखं दळतो. शेवटी तूप हाताला लावून दाणे परातीत सुटे करायचे आणि १२० अंशांच्या भट्टीत १२ ते १५ मिनिटं वाळवायचे. हा वाळवणीचा टप्पा आमच्याकडे दुसऱ्या वर्षी आला आणि सादळण्याच्या तक्रारी त्यानेच सगळ्यात जास्त कमी झाल्या.

मसाला विकतची पूड आणून वापरत नाही. सुंठ, मिरे, दालचिनी कडक उन्हात किंवा ५० अंशांच्या भट्टीत वाळवून त्याच आठवड्यापुरतीच दळतो. ओलसर सुंठ दळली की पूड गोळे धरते, आणि तिच्यातला ओलावा थेट दाण्यावर जातो. अस्सल दालचिनीची पातळ सालं मिळाली तर गोडसर वास येतो. बाजारातली जाड, कडक साल तिखट लागते, ती घेतली तर प्रमाण २ ग्रॅमवर आणावं.

एक किलोवरून पाच किलोवर जाताना प्रमाण पाचपट केलं की काम झालं, असं वाटतं. तसं होत नाही. मोठ्या कढईत पाक आटायला वेळ लागतो, तितका वेळ गूळ तापून आंबट-कडवट होतो. शिवाय हाताने हलवताना तळाचे दाणे रवाळ होतात, तेव्हा वरचे अजून ओलेच असतात. हाताच्या कढईची मर्यादा अडीच किलो. त्यापुढे फिरता कोटिंग पॅन हवा. त्यात पाक एकदम ओतत नाहीत. चार भाग करून ओतायचा, प्रत्येक भागानंतर गरम हवा सोडायची आणि थर कोरडा झाल्याशिवाय पुढचा भाग द्यायचा नाही. यंत्रासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद केली गेली. असं अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेलं असतं, त्यामुळे प्रकल्प अहवालात वरचा ६० किलोंचा हिशेब खरा मांडलेला असावा.

पाकिटाबद्दल थोडक्यात. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून हवा आणि उजेड दोन्ही आत जातात, तीन आठवड्यांत दाणा खवट लागतो. आतून चंदेरी थर असलेलं जाड पाकीट, उष्णतेने पक्कं बंद केलेलं, एवढं हवंच. माल पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचा नाही. कोमट माल भरला की पाकिटात आतून दव धरतं आणि आतापर्यंतची सगळी मेहनत दोन दिवसांत वाया जाते. मुदत अंदाजाने छापू नये, दर पंधरा दिवसांनी एक पाकीट फोडून चव आणि कुरकुरीतपणा वहीत नोंदवावा आणि प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं. पाकिटावर अन्नसुरक्षेचा १४ अंकी क्रमांक, घटक आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीची सूचना असलीच पाहिजे.

पौष्टिक म्हणताना आम्ही जपून बोलतो. ३० ग्रॅमच्या मुठीत साधारण ५ ग्रॅम प्रथिनं, ७ ग्रॅम साखर आणि दीडशेच्या आसपास किलोकॅलरी जातात. गूळ ही साखरच आहे. मधुमेही माणसाला आमचे दाणे चालतात असं आम्ही कधी लिहीत नाही, दुकानदारालाही तसं सांगू देत नाही. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी भरडून द्यावेत.

हिवाळ्यात एक खास घाणा निघतो, गोडंबीचा. बिब्याच्या बीतला हा गर आमच्या भागात लाडवात घालतात. गर गोड, पण बिब्याच्या टरफलातलं तेल अंगावर उततं आणि बिबे फोडणाऱ्या बायकांच्या हातांना त्याच्या जखमा होतात. म्हणून गोडंबीच्या भावात आम्ही घासाघीस करत नाही. पांढऱ्या कापडावर पसरून काळ्या टरफलाचा प्रत्येक तुकडा निवडावा लागतो. गोडंबीला तेल फार, म्हणून मंद आचेवर चार-पाच मिनिटंच परतायची आणि किलोला ५० ग्रॅम, तीही शेवटी, मसाल्याबरोबर घालायची. वेळा अमावास्या या आमच्याकडच्या शेतातल्या सणापासून संक्रांतीपर्यंत याला मागणी असते.

हवा कोरडी असते तोवर मराठवाड्यात हे काम सोपं आहे. मार्च ते मे परातीतला माल उघड्यावर ठेवला तरी बिघडत नाही. जुलै ते सप्टेंबर मात्र भिंतीवरचा आर्द्रतामापक बघूनच भट्टी पेटते. काटा ६० टक्क्यांच्या पुढे गेला की पंख्याखाली माल गार करणं बंद. ट्रे झाकून बंद खोलीत गार करतो, घाणा अडीच किलोंवरून दीड किलोवर आणतो आणि वाळवणीला पाच मिनिटं वाढवतो. सलग झड लागली तर त्या दिवशी पाक करतच नाही, नुसते दाणे भाजून, सोलून डब्यात भरून ठेवतो. ऊन पडलं की त्यांच्यावर पाक चढतो.